चुंबक, टॉर्च, जुना टॉवेल

केमीच्या पुढे, नदीकाठचं शेवटून दुसरं घर.
एप्रिल लागलाय, तरी अंगणात बर्फाचे काळपट ढीग
आणि त्यांच्या मधोमध निळी व्होल्वो.
एकतीस वर्षं मी तपासणी केंद्राच्या खड्ड्यात उभा राहून
गाड्यांची पोटं बघितली.
या गावातले चेहरे विसरतो, सायलेन्सर विसरत नाही.

ईता विचारते, आधी काय बघायचं?
बॉनेटवर हात ठेव.
कोमट लागलं तर तसेच घरी जाऊ.
थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलतं
ते ऐकू येऊ नये म्हणून लोक आधीच तापवून ठेवतात.
गार आहे? ठीक.

रंगाला भुलू नकोस, रंग कुणालाही लावता येतो.
चुंबक टॉवेलात गुंडाळ, ओरखडा नको,
आणि दाराखालच्या पट्टीवरून सावकाश ने.
धरतोय.
धरतोय.
मागच्या चाकाशी सुटला.
तिथे पत्रा नाही, पोरी, पुट्टी आहे.
बोटांनी दाबून भरलेली, कागद मारून सपाट केलेली,
काम वाईट नाही,
पण हमरस्त्यावरचं मीठ कुणाच्या मेहनतीकडे बघत नाही.

स्टेपनी उचल. खाली पाणी?
पेलाभर. त्यात एक कुजकं पान
आणि पाच मार्कांचं नाणं.
नाणं बाजूला ठेव, ते तिचं.
आता ही वायर चिमटीत धरून वाकव.
चुरा झाला ना? त्या काळचं आवरणच तसं, भाजलेल्या पापडासारखं.
तेलाच्या झाकणाला पिवळी साय नाही, हे बरं.
हिटरचा पंखा कुरकुरतोय, हे बरं नाही:
तो बदलायचा तर अर्धी गाडी उसवावी लागते.

हिल्क्का पायरीवर उभी, कप दोन्ही हातांत.
न विचारताच म्हणते, मीटर बंद आहे.
तीन लाख अठरा हजार चारशे सहा.
कधीपासून?
येर्केरचं पहिलं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात.
मग ओउलूचं हॉस्पिटल, जाऊन येऊन दोनशे दहा,
आठवड्यातून तीनदा, दोन हिवाळे.
मी मोजलं नाही. हिनेही नाही.

तो दोष मला पाठ आहे.
आत नखाएवढं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं,
एक दात मोडला की आकडे थांबतात,
गाडी थांबत नाही.
एरवी मी इथेच किंमत पाडतो.
न मोजलेले किलोमीटर नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने असतात.
जीभ उचलली, आणि शेजारची सीट दिसली,
पार मागे झुकवलेली, पट्ट्याला लोकरीची गवसणी,
मानेला लागू नये म्हणून.

पुट्टी सापडली का, हिल्क्काने विचारलं.
सापडली.
ती मी भरली. तो आत बसून खिडकीतून सांगायचा,
पातळ कर, आता थांब, आता घास.
त्याला वाटायचं तपासणीत तुम्हाला कळणार नाही.

मी तिच्या अंगणात, टोपी हातात.
वेल्डिंगचे चारशे, म्हणालो, वायरींचे तीनशे,
आणि मग आकडेच सुचेनात.
ईताने तिची तिने किंमत सांगितली,
माझ्या हिशेबापेक्षा जास्त. मी बुटांकडे बघत राहिलो.

परतताना तिला म्हटलं, ते दातेरी चाक माझ्याकडे आहे,
तासाभराचं काम.
ती पुलापर्यंत गप्प.
मग म्हणाली, पण कुठल्या आकड्यापासून सुरू करायचं?

हे केंद्रात मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
पंखा कुरकुरत होता. गार वारा सरळ मानेवर येत होता:
माझ्या बाजूची काच वर जातच नाही,
ते तेवढं बघायचं राहिलं.