मागची बाजू

किनाशीत नोव्हेंबरची सकाळ कोरडी असते.
समुद्राकडून वारा येतो, मिठाखेरीज काही आणत नाही.
मी वही उघडते, कॅलिपर उघडते
आणि एक्केचाळीस नंबरच्या काळ्या पाइनला
कंबरेत धरते.

"तिथं नको," बाबा खुर्चीतून म्हणतात.
तोंड वाकडं झाल्यापासून त्यांचे शब्द
सालीसारखे ढलप्याढलप्यांनी पडतात.
"मुळांचा फुगारा सोड. दोन बोटं वर.
फुगाऱ्यावर मोजतो तो व्यापारी."

कुणाची दोन बोटं, ते वहीत नाही.
त्यांची जाड, माझी बारीक,
म्हणून झाड दरवर्षी
जरा वेगळ्याच जागी सुरू होतं.

शोवा सत्तावन्न: अठरा मिलिमीटर.
शोवा एकसष्ट: अडतीस.
पुढं एका वर्षी आकडा मागं आलाय,
पंचेचाळीसचा त्रेचाळीस. साल गळली होती.
बाबांनी तो खोडला नाही.

पण त्या चार वर्षांत दुप्पट?

खालची एक फांदी मोकाट सोडली होती,
कात्री न लावता, पार छपरापर्यंत.
ऊन तिनं खायचं, फुगायचं खोडानं.
हवं तेवढं झालं की तिला कापायचं.
या धंद्यात तसंच करतात.

तामोत्सु काका साकाइदेच्या गोदीत वेल्डिंग करायचे.
चार वर्षं पाकिटं आली.
गहाण शेत सुटलं, विहीर खोल गेली,
मला नवे बूट.
मग वाटणीच्या कागदावर काय झालं
कुणी सांगितलं नाही.
घरात एवढंच म्हणायचे: त्याची खोड मोडली.

फांदीची जखम मागच्या बाजूला आहे.
प्रदर्शनात ती भिंतीकडे करतात.
आता भरून आलीय, मिटलेल्या ओठांसारखी जरा पुढं,
आणि कॅलिपरचा जबडा नेमका तिथंच अडतो.

जखमेसकट त्र्याहत्तर.
आडवं धरलं तर अडुसष्ट.

मंगळवारी लिलाव.
पाच मिलिमीटरला केवढी किंमत येते
ते बाबांना माझ्याहून जास्त माहीत.
पेन्सिल जिभेला लावून मी थांबते.
वहीची पहिली पानं चाळते.
तिथले सात वेगळे आहेत, मधे रेघ मारलेले,
बाबा तशी रेघ मारत नाहीत.

"दोन बोटं," बाबा पुन्हा म्हणतात.
चांगला हात उचलून बघतात, उलटा, सुलटा.
मग बऱ्याच वेळानं,

"माझी नव्हेत."