तामगावच्या उतारावर

गोकुळ शिरगावच्या शॉपला सुट्टी नव्हती,
मीच मारली. मालकाला सांगितलं, पोट बिघडलंय.
मागच्या सीटवर दस्तगीरकाका, मांडीवर डबा,
डब्यात भडंग, कांदा वेगळ्या कागदात.
"विमानं बघायला पयल्यांदाच चाललोय," म्हणाले,
"आभाळ मातूर रोज बघतो."

खरंच होतं. बागवान गल्लीत
त्यांच्याइतकी वर बघायची सवय कुणाच्या मानेला नाही.
उन्हाळ्यात शर्यतीला कबुतरं सोडली
की पहाटे डोळे वर जातात, ते दिवेलागणीला खाली.
चहासुद्धा वर बघतच पितात, बशी न सांडता.

पासवाले तारेच्या आत. आम्ही बाहेर,
उसाच्या कडेनं, अर्धं कोल्हापूर.
ट्रॉलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, टाकीवर पोरं,
एकजण तर सहकुटुंब जेसीबीच्या बकेटात.
दहाचे साडेअकरा झाले. कर्णा म्हणत राहिला,
थोड्याच वेळात, थोड्याच वेळात.
एका पोरीनं विचारलं, "पप्पा, विमान आजारी पडलंय?"

मग आली. आवाजाच्या आधी आली.
राधानगरीच्या बाजूनं नऊ टिंबं,
आणि डोक्यावरून गेल्यावर
फासळ्यांत कुणीतरी ड्रिल चालवलं.
"आयला!" एवढाच शब्द सगळ्या उतारावर.
एका म्हातारीनं हात जोडले,
इकडेतिकडे बघून पदर सारखा केला.
मी लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा माणूस,
पण पंखाला पंख इतका जवळ बघून
माझ्या बोटांना घाम फुटला.

काका गप्प. डोळ्यांवर हाताची सावलीही नाही.
धुराचा बदाम झाला, त्यातून एक आरपार गेलं,
टाळ्या पडल्या, बदाम वाऱ्यानं तामगावकडं सरकला.
"चांगली शिकवल्याली हाईत," म्हणाले.
थोड्या वेळानं,
"पर ह्यास्नी खाली यायला दाणं कोण दावतं गा?"
मी इंधन म्हणणार होतो. भडंग खाल्लं.

पुढच्या फेरीआधी आभाळ रिकामं झालं.
सगळ्यांनी मोबाईल खाली घेतले, व्हिडिओ तपासले.
तेव्हाच काकांनी माझं मनगट धरलं.
"ती बघ."
मला काही दिसेना. मग दिसलं,
उन्हात धुळीच्या कणाएवढं, हलणारं.
दुर्बीणवाला पोरगा धावत आला, "कुठलं विमान ओ?"
"माझी हाय ती. राखी मादी.
शेपूट कशी मारती बघ, डावीकडं जरा जास्त."
"काका, ढाबळीला कडी घातलीय तुम्ही. माझ्यासमोर."
"घातली व्हय," म्हणाले, पण मान खाली आली नाही.

आवाज परत आला, नऊच्या नऊ.
लोक पुन्हा ओरडले. मी ओरडलो नाही.
त्या नऊच्या मागं ठिपका शोधत राहिलो
आणि पलटी हुकली. सगळे सांगत होते,
पलटी हीच तर बघण्यासारखी होती.

परतताना उचगावच्या पुलापर्यंत नुसती गर्दी.
काका गाडीवर एक शब्द बोलले नाहीत,
फक्त गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, हळू घे.
गच्चीवर गेलो. कडी लागलेली.
आतली सगळी एका कोपऱ्यात, एकमेकांच्या पिसांत घुसून,
दिवसभर वरून काय गेलं त्याचा अजून धसका.
काकांनी मोजली नाहीत. दार उघडलं,
परातीत ज्वारी टाकली, आणि परात
ढाबळीत न ठेवता गच्चीच्या कठड्यावर ठेवली.

मी राखाडी शोधली. तीन सापडल्या.
कुठल्या राखाडीची शेपूट डावीकडं जास्त जाते,
हे बसलेल्या कबुतराकडं बघून कळत नाही.
विचारलं नाही.
मान इतकी आखडली होती की
जिना उतरतानासुद्धा वरच बघत होतो.