रिकामे कंस

महापे, तिसरा मजला. चार वाजून गेले की
इथला एसी नुसता आवाज करतो.
माझ्यासमोर पुस्तिकेची दोनशे चौदा पानं:
दूरच्या यंत्राला काम कसं सांगावं, याची.

पान बारावर फंक्शनचं नाव ठळक.
तेरावर तेच तिरकं.
एकतीसवर अवतरणचिन्हांत,
बरणीला चिठ्ठी चिकटवावी तसं.
साठच्या पुढे कुणीतरी कंटाळून
नुसतंच लिहून टाकलंय, वाक्यात मिसळून,
वाचणाऱ्याला कळू नये
हे नाव आहे की क्रियापद.
आणि परिशिष्टात पहिलं अक्षर मोठं,
लग्नपत्रिकेतल्या पाहुण्यासारखं.

यास्मिन परकार म्हणाली, एकच नियम कर आणि मोकळी हो.
केला.
एकसारख्या रुंदीचा टाइप. सगळी अक्षरं छोटी.
दोन शब्दांमध्ये अधोरेघ, शेवटी रिकामे कंस,
नावाला चिकटून, मध्ये जागा न सोडता.
ओळ संपली म्हणून नाव तोडायचं नाही.
वाक्य नावानेच सुरू होत असेल
तरीही पहिलं अक्षर मोठं नाही.
अडलं तर वाक्य बदला.
नाव नाही.

सर्व्हरवाला ओजस चहा घेऊन आला, हसला.
अगं, तारेवरून नाव जातच नाही.
आकडे जातात. प्रोग्रामचा एक, आवृत्तीचा एक,
प्रोसिजरचा एक.
पलीकडच्याला तुझ्या टाइपाशी काय देणंघेणं?

खरं आहे.
सिडकोच्या खिडकीतूनही आकडाच आत जातो.
पण परत येतो तो नावासाठी.
संपादनाच्या नोटिशीत बाबा 'हशा गण्या'.
सातबाऱ्यावर हसूराम गणपत.
आधारवर हसुराम, सु ऱ्हस्व.
बँकेत मढवी एच. जी.
साडेबारा टक्क्यांच्या फायलीत टाचलेली
तीन प्रतिज्ञापत्रं, तिन्हींत तेच वाक्य:
वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.
खाली सही.
सहीत पाचवंच नाव.

तिथे 'शोधा आणि बदला' चालत नाही.
तिथे, उद्या या, चालतं.

मी पान अठ्ठ्याऐंशीवर येते. टाइमआउट.
हाक दिल्यावर किती थांबायचं,
किती वेळा पुन्हा द्यायची,
आणि उत्तर आलंच नाही
तर ते पलीकडे पोचलं नाही असं समजायचं
की पोचलं, काम झालं, फक्त निरोप वाटेत हरवला.
बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं.
घणसोलीच्या खाडीत भरती चढायला लागली
की ते बांधावर उभे राहायचे,
दोन्ही तळहात तोंडाशी, अर्धे वळवलेले,
आणि होडीतल्या काकाला एकदाच,
पूर्ण नावाने: धाकोऽऽऽ
मग गप्प. पाण्याकडे बघत.
दुसरी हाक लगेच द्यायची नसते, म्हणायचे,
पहिली अजून पाण्यावर असते.

त्या दोन हातांचा आकार
मी सकाळपासून तीनशे सहा वेळा टाइप केलाय.
आत काही नाही.
आत काही नसलं तरच हाक लांब जाते.

ओजसला हे सांगितलं नाही.
त्याला म्हटलं, यंत्राला आकडा पुरतो रे,
पण रात्री दोन वाजता जो पान उघडेल
तो यंत्र नसणार.

साडेसातला शेवटचा शोध चालवला.
एकही उरलं नव्हतं, असं पडदा म्हणाला.
डोळ्यांना मात्र एक दिसलं: आकृती चार,
चित्राच्या आत गोठलेलं, तिरकं, कंसांविना.
चित्र काढणारा कधीच नोकरी सोडून गेला.
मूळ फाइल कुणाकडे नाही.

मी तळटीप लिहिली:
आकृतीतलं नाव आणि मजकुरातलं नाव
एकाच फंक्शनचं आहे.

लिहून झाल्यावर लक्षात आलं,
मी तिच्याखाली सहीची जागा शोधत होते.