मंगळवारी कोणी नाही

चिलोए बेटावर, नगरपालिकेच्या कचेरीत
एकोणीस वर्षं मी लोकांचं टपाल फोडतोय.
लाँच बंद करायचं ठरलं, तेव्हा
पलीकडच्या धाकट्या बेटावरून त्रेचाळीस पत्रं आली.
अन्याय, घोर अन्याय, काळजाला घरं पडली, वगैरे.
सगळं खरंच असणार.
पण टेबलावर ठेवली तर ती सगळी मिळून
एका ओल्या टोपीइतकीही भरेनात.

चव्वेचाळिसावं भरती-ओहोटीच्या तक्त्याच्या पाठीवर होतं.
ओदिलिया बारिया, इयत्ता सातवी.
'लाँच राहावी असं मला वाटतं.'
मत एवढंच, एका ओळीत.
खाली थेट धक्क्यावरची मोजणी:
सोमवारी एकतीस माणसं, बटाट्याची सतरा पोती,
एक शिवणयंत्र,
दोन गरोदर बायका (विचारून लिहिलंय).
बुधवारी वादळी वारा, तरी बावीस.
मंगळवारी कोणी नाही.
एक कोंबडी, तीही मालकाविना.

सदस्य ओयार्सुन हसले,
'बघा, पोरीनं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.'
मी कागद तिरका धरला. कडेला बारीक अक्षरात होतं:
'मंगळवारी दवाखाना बंद असतो, म्हणून.
तुमचा माणूस मोजायला कोणत्या वारी आला होता?'

स्टोव्हमधलं लाकूड तेवढं तडतडलं.
फाइल निघाली. पाहणीची तारीख. मग कॅलेंडर.
हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात,
पण हात आधी बाहीतून बाहेर काढावा लागतो.

लाँच राहिली. मंगळवार सोडून.
तो तिनंच लिहून दिला होता, नाही कसं म्हणणार?

त्या रात्री सान्तियागोला, लेकीला पत्र लिहायला बसलो.
'परत ये. इथं सगळं छान आहे.'
वाचून पाहिलं. त्रेचाळिसांतलंच एक.
खोडलं. समासात लिहिलं, 'कशावरून?'
आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.
पाऊस होता, पण तो काय धरायचा,
त्याच्यामुळेच तर ती गेली.
मग मोजत गेलो:
सफरचंदाची झाडं चार, एकाला कीड.
तुझी सायकल, चेन गंजलेली, चाकं ठीक.
शाळेत शिक्षिकेची जागा एक, मार्चपासून.
जेवायला बसणारे: एक.

इथं पेन थांबलं.
ही ओळ माझ्या बाजूची
की माझ्या विरुद्ध?
बराच वेळ ठरेना.
राहू दिली.