परत येण्यापुरते

कॅनडा कॉर्नरला आमचं दुकान
आणि कॅनडा पाहिलेलं आमच्यात कोणी नाही.
काचेमागे मी. पासपोर्ट अजून काढलेला नाही,
पण कुठल्या देशाची नोट कशी कुरकुरते
ते बोटांना पाठ.

निवृत्ती खैरनार आले दुपारी साडेतीनला,
जेल रोडहून दोन रिक्षा बदलून, नव्या बुटांत अवघडलेले.
नात बिश्केकला डॉक्टरकी शिकते, तिला बघायला निघालेत.
"तिकडचे सोम मिळतील का?"
सोम नाही ठेवत काका. डॉलर न्या, तिकडे मोडा.
"आणि आपले?"
आपले पंचवीस हजारांपर्यंत.
जाताना तेवढेच, येताना तेवढेच.

हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते,
कंडक्टरने पुढे सरका म्हणावं तसं.
कोणी वाद घालतं, कोणी विचारतं, सॉक्समध्ये ठेवले तर?
खैरनार हसले. पुढचा एक दात नव्हता.

म्हणाले, चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये होतो.
छापून आलेला ताव बघायचा, डाग दिसला तर बाजूला काढायचा.
डोळ्यांखालून किती गेले ते मोजायला
तुमच्या त्या मशीनला फेस येईल.
आणि रोज संध्याकाळी गेटवर
खिसे उलटे, डबा उघडा, झाकण वेगळं.
एकदा अर्धी भाकरी उरली होती डब्यात,
तर शिपायाने तीही मोडून बघितली.

राग नाही आला?
"भाकरीच ती. मोडायचीच असते."

मी एक पाचशेची सरकवली काचेखालून.
ही तुमच्याकडची का?
त्यांनी अंगठा फिरवला, कड पाहिली,
उजेडात धरली, नाकाशी नेली,
आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
"नाही सांगता येत," म्हणाले. "देवासचीही असेल.
बाहेर पडली की सगळ्यांची होते."
नोट परत केली, दोन्ही हातांनी,
ताटातला प्रसाद द्यावा तशी.

मग खिशातल्या वहीत हिशेब.
तिकडे आपल्या रुपयाला कोण विचारतो?
तरी चार हजार वेगळे काढले, त्यांना रबर लावलं.
मुंबई ते द्वारका बस. द्वारका ते जेल रोड रिक्षा.
वाटेत चहा. रात्र झाली तर रिक्षावाला दीडपट मागणार.
मी पाहत राहिले.
इतकी वर्षं मला वाटायचं,
तो आकडा म्हणजे अडवायला घातलेला दांडा आहे.
कुणाला तरी ते दाराशी लागणारं भाडं वाटतं,
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

डॉलर दोनदा मोजले. पावती घेतली. गेले.

दीड महिन्याने परत आले, बूट आता मळलेले, पायाला बसलेले.
ट्रेवर एक नाणं ठेवलं.
काका, नाणी आम्ही घेत नाही, फक्त नोटा.
"मोडायला नाही आणलं. वाचा."
तीन.
एक नाही, दोन नाही, पाच नाही, तीन सोमचं नाणं.
"आयुष्य पैशात गेलं, पण तीनचं काही पाहिलं नव्हतं.
नात म्हणाली, न्या, कोण बघतंय."

मग?
"मग काय. मुंबईला उतरलो, साहेब दिसला,
तळहातावर धरून दाखवलं. म्हटलं, एवढंच आहे बाहेरचं.
तो म्हणाला, जा ओ बाबा, मागे रांग आहे.
उघडं ठेवूनच आलो तरी, दारापर्यंत."

चौतीस वर्षांच्या गेटातून
या माणसाने बाहेर आणलेली ही पहिली रक्कम,
आणि तीसुद्धा दुसऱ्याच कुठल्या गेटातून.

रबर लावलेल्या चार हजारांचं विचारलं.
"दीडपटच मागितले रिक्षावाल्याने," म्हणाले,
कोणी खूप दिवसांनी नावाने हाक मारली असावी
अशा चेहऱ्याने.

नाणं माझ्या गल्ल्यात नाही, हिशेबात नाही.
संध्याकाळी टॅली लागते, शून्य शून्य,
आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात
तीन उरतात.