पाच गुणांचा प्रश्न

प्रश्न तिसरा, ब. रशियातील भूदासमुक्तीचे परिणाम लिहा.
सराव परीक्षा, बारावी कला, लाखांदूर.

लाईट गेलेली.
समोरच्या गिरणीतला धानाचा कोंडा
खिडकीतून येऊन लाल शाईवर बसतो.
एक्केचाळीस पेपर झाले,
एक्केचाळीस वेळा १८६१, झार, हुकूम,
एक्केचाळीस वेळा ‘आमूलाग्र बदल झाला’,
गाईडमधून जसंच्या तसं,
छपाईच्या चुकीसकट : भूदासचा भूतदास.

बेचाळिसावा निकिता नंदेश्वरचा, गाव सोनटोली.
(रशियात हे नाव मुलाचं असतं,
तिला सांगायचं राहूनच गेलं.)

ती लिहिते :
‘हुकूम आला तेव्हा पाऊस लागून होता.
कोतवालाने डफडे जाळावर शेकून घेतले
आणि दवंडी दिली, आजपासून मालक नाही.
लोकांनी विचारले, मग तलाव कोणाचा?
ते दवंडीत नव्हते.’

मी समासात लिहिलं : संदर्भ?

‘लोक म्हणाले, हा हुकूम खोटा.
खरा सोनेरी अक्षरांचा आहे,
तो मालकाने पेटीत दाबून ठेवला.
तीन रात्री पाळत ठेवली, चौथ्या रात्री पेटी उघडली.
आत लग्नाच्या पत्रिका,
एक बंद घड्याळ
आणि बरणीचे झाकण.’

मुद्दा सोडून, असं लिहायला पेन टेकवला
आणि तिथंच थांबले.
सोनेरी अक्षरं गाईडमध्ये नाहीत.
ती मी वाचली होती नागपूरला, एम.ए.च्या वर्षी,
एका जाड ग्रंथाच्या तळटीपेत :
तिकडेही लोक म्हणाले होते, खरा कागद लपवलाय.
वाचता येणारा एक जण मध्ये बसवला,
त्याच्याभोवती गाव उभं राहिलं,
आणि मग फौज आली.
या पोरीला कुणी सांगितलं?

रविवारी सोनटोलीला गेले.
तिच्या आजोबांचे वडील कोतवाल. मालगुजारी गेली
तेव्हा डफडं त्यांच्या गळ्यात
आणि शेकायला काटक्या आणणारा पोरगा डोमा,
जो आता खाटेवर बसून
माझ्याकडे न बघता ऐकत होता.

मी रशिया सांगितला. जमेल तसा.
पोथीएवढा जाड कायदा, पाद्र्यांनी वाचून दाखवलेला,
सुटका झाली, पण जमिनीचे हप्ते.

‘किती वरसं?’
एकोणपन्नास ठरली होती.
ते बोटांच्या पेरांवर मोजायला लागले,
दुसऱ्या हातावर आले आणि सोडून दिलं.
‘गोळी चालली का जी तिकडे?’
चालली.
‘आमच्याइकडे नाई चालली.
आमच्याइकडे कागद चालला.’

कोंबडी खाटेखालून गेली.
निकिता चहा घेऊन आली, बशी फुटकी म्हणून
फुटका भाग स्वतःकडे धरून.

‘आन तलाव कोनाचा झाला तिकडे?’
तलावाचं माहीत नाही, म्हटलं,
कुरणं आणि जंगल बहुतेक मालकाकडेच राहिलं.
‘हाव ना,’ डोमा म्हणाले,
जसं काही शेजारच्या गावातलं सांगितलं
आणि ते त्यांना आधीच कळलं होतं.

परत येताना गाडी तलावाच्या पाळीवरून आली.
पाणी खूप. बगळे.
कडेला मच्छीमार सोसायटीचा बोर्ड,
त्यावर कोणीतरी खिळ्यानं ओरखडून
दुसऱ्या सोसायटीचं नाव लिहिलेलं.

रात्री पेपर पुन्हा काढला.
नमुना उत्तरात पाच मुद्दे, प्रत्येकी एक गुण.
तिच्या उत्तरात त्यातला एकही नाही.
दोन दिले. खोडले. चार केले.
मग पान उलटून बघितलं तर
अगदी तळाशी, बारीक अक्षरात :

‘जागा पुरली नाही.
पुरवणी मागितली होती, मिळाली नाही.’

त्या दिवशी हॉलवर मीच होते.