पट्टी वाचताना

आजव्याच्या तलावावर एकतीस वर्षं
मी पाण्याची पट्टी वाचली.
पांढरी, काळ्या खुणांची, भिंतीत रोवलेली.
एरवी सकाळी आठला, पावसाळ्यात दर तासाला.
वाऱ्याच्या दिवशी पाणी एका खुणेवर थांबत नाही.
लाटेचा माथा बघायचा, खळगा बघायचा,
मधला आकडा वहीत लिहायचा
आणि खाली सही करायची,
जणू पाणी तिथेच उभं होतं.

आता माझी पट्टी दुसरा कुणी वाचतो.
दांडिया बाजारच्या लॅबमधला जिगर,
मनगटावर लाल दोरा, कानात गाणं.
"मुठ्ठी वाळो, काका," म्हणतो,
शीर सापडली की खूश होतो.
संध्याकाळी फोन किणकिणतो.

मार्चमध्ये पॉइंट शून्य सहा.
त्या दिवशी मी रावपुऱ्यातून लिलो चिवडा आणला,
पाव किलो, वर थोडा हातावर मागून घेतला.
जूनमध्ये पॉइंट एक चार.
सप्टेंबरात पॉइंट शून्य नऊ,
पण चिवडा आणायचा धीर झाला नाही.
डिसेंबरात पॉइंट दोन एक.

शर्वरीनं हॅलिफॅक्सहून आलेख पाठवला.
रेघ चढते तिथे तिनं लाल रंग दिला होता.
तासाभरानं तोच आलेख पुन्हा आला, निळा.
मधल्या तासात आई तिच्याशी काय बोलली
ते मी विचारलं नाही.

डॉक्टर अमीन पेन फिरवत म्हणाले,
एका आकड्यानं काही ठरत नसतं,
सहा आठवड्यांनी बघू, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी.
सहा आठवडे.
जिना उतरताना मी हिशेब केला,
बेचाळीस रात्री.

रात्री अडीचला अंगातून वाफ निघते.
पोटात टोचलेल्या औषधाचा प्रताप.
जानेवारीतही गंजी पिळून निघते,
मानेवरून घाम पाठीत उतरतो.
हेमलता डोळे न उघडता पंख्याचं बटण दाबते,
स्वतः गोधडी कानापर्यंत ओढून घेते.
"सत्तेचाळिसाव्या वर्षी माझं हेच व्हायचं,"
गोधडीतून आवाज येतो,
"तेव्हा तुम्ही म्हणायचात, खिडकी लाव, गारठा येतोय."
मला आठवत नाही.
म्हणजे, आठवतं.

एका वर्षी विश्वामित्री अंगणात शिरली,
सोसायटीच्या गेटपाशी मगर निपचित पडलेली.
तेव्हा रात्रभर माझा फोन वाजत होता.
अनोळखी माणसं, घाबरलेली,
कुणी मांडवीहून, कुणी कारेलीबागेतून,
"साहेब, आजवा केटलुं?"
दोनशे अकरा पॉइंट चार, मी सांगायचो,
वाढतंय, पण हळू.
पलीकडून सुस्कारा ऐकू यायचा.
मी पाणी एक बोटभरही अडवलं नव्हतं,
तरी माणसं झोपायला जायची.

आता अडीच वाजता
मी कुणाला फोन करू?

काल माळ्यावरून एक कोरी नोंदवही निघाली,
खात्याची, निवृत्तीच्या दिवशी पिशवीत आली होती.
(परत करायला हवी होती.)
तारीख, वेळ, पातळी, शेरा.
मी चारही आकडे ओळीनं भरले.
अक्षर तेच, सातावर आडवी रेघ तशीच,
फक्त फुटांच्या रकान्यात फूट नव्हते.
हेमलता चहा घेऊन आली,
चष्मा न लावता वाकून बघत राहिली.
"शेऱ्यात काय लिहायचात तुम्ही?"

बहुतेक वेळा काहीच नाही, मी म्हटलं.
कधी गाळ. कधी दरवाजा क्रमांक तीन नादुरुस्त.
आणि आकडा डळमळत असला तर एकच शब्द.

तिनं पेन माझ्या हातातून घेतलं
आणि डिसेंबरच्या पुढे
तिच्या तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलं:
वारा.

पाचवी ओळ मी आखून ठेवली आहे.
गुरुवारी सकाळी आठ.
उपाशीपोटी जायची गरज नाही म्हणतात,
तरी मी उपाशीच जातो.